कुमारकथांतून मराठी शब्द कसे शिकावेत

पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या बहुतेक मराठी मुलांना घरातले बोलणे पूर्ण समजते आणि मित्रांशी बोलतानाही ती अडत नाहीत. त्यांची अडचण छापील पानाशी गाठ पडल्यावर सुरू होते. 'राग आला', 'वाईट वाटले', 'भारी आहे' एवढ्या भांडवलावर त्यांचा रोजचा व्यवहार चालतो आणि याहून बारीक छटा सांगायची वेळ आली की वाक्याच्या मधोमध इंग्रजी शब्द येऊन बसतो. कामानिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या आणि मराठीचा प्राथमिक वर्ग पूर्ण केलेल्या प्रौढांचीही स्थिती फारशी वेगळी नसते; भाजी घेता येते, रिक्षावाल्याशी हुज्जत घालता येते, पण शेजाऱ्याची मुलगी का रुसली आहे हे सांगता येत नाही. या दोन्ही वाचकांसाठी बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयीच्या लघुकथा, म्हणजे मासिकांत ज्यांना कुमारकथा किंवा किशोरकथा म्हणतात त्या, हे शब्द मिळवण्याचे सर्वांत सोयीचे साधन आहे.

त्याचे कारण असे की या कथांतील अनुभव वाचकाच्या ओळखीचा असतो आणि अनोळखी असतो तो केवळ त्या अनुभवाचा शब्द. निकालपत्र लपवणे, जिवलग मैत्रिणीशी अबोला धरणे, भर वर्गात फजिती होणे, नातेवाइकांनी चुलतभावाशी तुलना करणे, यांपैकी काहीच कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रसंग डोळ्यांसमोर असला म्हणजे शब्दाचा अर्थ निम्मा तरी आपोआप उलगडतो. पाणीवाटपाच्या तंट्यावरील किंवा जमिनीच्या खटल्यावरील कथेत वाचकाला प्रसंग आणि शब्द दोन्ही एकाच वेळी शिकावे लागतात, आणि मग तो दोन्ही सोडून देतो.

कथा कोठे मिळतात

पुण्यात राहणाऱ्याला या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सेनापती बापट रस्त्यावरील 'बालभारती', म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, 1971 पासून 'किशोर' हे मासिक काढते आणि त्याचे जुने अंक मंडळाने संगणकावर वाचण्यासाठी खुले केले आहेत. 'साधना' साप्ताहिक दिवाळीत बालकुमारांसाठी आणि युवकांसाठी स्वतंत्र अंक काढते. बालकुमार अंकातील कथा सोप्या वाटू लागल्या की युवा अंकाकडे वळावे, इतका सरळ मार्ग त्यातून मिळतो. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांच्या गर्दीतही कुमारांसाठीचे कथासंग्रह मिळतात. विकत घ्यायचे नसेल तर 1848 मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय यांसारखी जुनी वाचनालये आहेत. अनेक वाचनालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. त्या वर्गणीत हिवाळाभर पुरेल एवढे वाचन मिळते.

पहिली निवड करताना कथा एका बैठकीत संपेल एवढीच लांब असावी. कादंबरीत शब्द पुन्हा पुन्हा भेटतात हे खरे, परंतु नवख्या वाचकाची ती तिसऱ्या प्रकरणात हातातून सुटते आणि सुटलेल्या पुस्तकाची खंत पुढच्या पुस्तकाच्या आड येते. पुनरावृत्तीचा लाभ लघुकथांतूनही घेता येतो. त्यासाठी एकाच लेखकाच्या चार-पाच कथा सलग वाचाव्यात. प्रत्येक लेखकाचे काही लाडके शब्द असतात आणि ते त्याच्या प्रत्येक कथेत डोकावतात.

कथा आपल्या आवाक्यातली आहे की नाही, हे ठरवण्याची एक साधी चाचणी आहे. कोणत्याही पानावरील सलग शंभर शब्द मोजावेत आणि त्यांत किती शब्द अडतात ते पाहावे. इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवर हू आणि पॉल नेशन यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की मजकूर कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजायचा असेल तर त्यातील सुमारे 98 टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे हे मोजमाप जसेच्या तसे लागू होणार नाही, पण अंदाजापुरते ते पुरेसे आहे. शंभरात दोन-तीन शब्द अडले तर कथा योग्य समजावी. पाच-सहा अडले तर घरातील मोठ्या माणसासोबत वाचावी. दहा अडले तर ती निमूटपणे बाजूला ठेवावी आणि सहा महिन्यांनी काढावी.

दुसरी पारख आशयाची आहे. आपल्याकडे कुमारांसाठी लिहिलेल्या पुष्कळ कथा खरे तर वेशांतर केलेली प्रवचने असतात. नायक खोटे बोलतो, सापडतो, पश्चात्ताप करतो आणि शेवटच्या परिच्छेदात आजोबा तात्पर्य सांगतात. अशा कथेतून 'प्रामाणिकपणा', 'परिश्रम', 'सदाचार' असे शब्द मिळतात, जे निबंधात उपयोगी पडतात आणि एरवी कोणी उच्चारत नाही. पात्रे परस्परांशी भांडतात, एकमेकांना टोमणे मारतात, अर्धवट बोलून गप्प होतात, अशी कथा निवडावी. शब्दांची खरी श्रीमंती तिथे असते. प्रौढ निवेदक आपल्या शाळकरी दिवसांविषयी सांगत असेल तर आणखी उत्तम, कारण त्यात दोन भाषा एकाच वेळी ऐकू येतात: संवादात मुलांची आणि निवेदनात त्या मुलांकडे मागे वळून पाहणाऱ्या माणसाची.

वाचन आणि पुनर्वाचन

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नये. कोश उघडू नये, भ्रमणध्वनी शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पुढे काय झाले एवढ्याच ओढीने कथा संपवावी. जो शब्द अडतो तो ओलांडून पुढे जावे. प्रत्येक शब्दापाशी थांबणारा वाचक कथेचा धागा गमावतो, आणि धागा गमावला की अर्थाचा अंदाज बांधण्यासाठी जो संदर्भ हवा असतो तोच नाहीसा होतो.

दुसरे वाचन शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावे, आणि या वेळी पेन्सिल जवळ घ्यावी. ते कसे करावे हे दाखवण्यासाठी या लेखापुरता रचलेला एक उतारा पाहू.

"मुक्ताने निकालपत्र दप्तरात खोल सारलं आणि ती जिन्यातच घुटमळली. वरून आजीचा आवाज आला, 'आलीस का गं?' ती 'हो' म्हणाली खरी, पण आवाज घशातच विरला. दार उघडताच आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मुक्ता वरमली. धाकटा भाऊ मात्र गालातल्या गालात हसत होता. त्याला तिने डोळ्यांनीच दटावलं."

'घुटमळली' हा शब्द अडला असे समजू. मुक्ता कोठे आहे? जिन्यात. घरी जायचे आहे, पण निकालपत्र लपवले आहे, म्हणजे वर जाण्याची इच्छा नाही. खालीही परत जाता येत नाही. एवढ्यावरून वाचकाने आपला अंदाज समासात लिहावा: 'थांबली'. मग हा सोपा शब्द मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा मोठ्याने वाचावे आणि काय हरवले ते पाहावे. 'ती जिन्यातच थांबली' या वाक्यात तिच्या मनाची ओढाताण उरत नाही; दम लागला म्हणूनही माणूस जिन्यात थांबतो. जे हरवले, तीच 'घुटमळणे' या शब्दाची खरी किंमत. हा प्रयोग अवघ्या अर्ध्या मिनिटाचा आहे, पण कोशातील अर्थ पाच वेळा वाचून जे साधत नाही ते त्यातून साधते. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण आपण बांधलेला अंदाज मोडून काढणारा अर्थ सहसा विसरला जात नाही.

'वरमली' या शब्दापाशी मात्र अंदाज पुरेसा पडत नाही. मुक्ता घाबरली, लाजली की रडवेली झाली, हे उताऱ्यावरून ठामपणे सांगता येत नाही. असा शब्द कोशासाठी राखून ठेवावा.

कोणते शब्द घ्यावेत

एका कथेतून सहा ते आठ शब्द घेणे पुरे. जास्त घेण्याचा मोह आवरावा. पंचवीस शब्दांची यादी वहीत सुंदर दिसते आणि वहीतच राहते. निवडताना दोन गट डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण कुमारकथेत ते दोन गट ओसंडून वाहत असतात.

पहिला गट बोलण्याच्या तऱ्हांचा आहे. शिकाऊ लेखनात प्रत्येक पात्र 'म्हणते' किंवा 'ओरडते', परंतु कसलेल्या कथेत मूल पुटपुटते, कुरकुरते, तणतणते, आई खडसावते, शिक्षक दरडावतात, मोठा भाऊ खेकसतो. या प्रत्येक क्रियापदात आवाजाची पट्टी तर आहेच, पण कोण कोणापेक्षा मोठा आहे हेही त्यात दडलेले आहे. शिक्षक विद्यार्थ्याला दरडावतात. विद्यार्थी शिक्षकांना दरडावत नाही, आणि एखाद्या लेखकाने तसे लिहिले असेल तर तो काही तरी विशेष सांगतो आहे हे ओळखावे.

दुसरा गट भावनांचा, आणि त्यात राग व लाज यांचे घराणे सर्वांत मोठे. रुसणे हे आपल्या माणसावरच शक्य असते. बसच्या वाहकावर कोणी रुसत नाही. चिडणे तत्काळ असते आणि तितक्याच लवकर ओसरते. धुमसणे आतल्या आत चालते आणि दिवसेंदिवस टिकते. चडफडणे म्हणजे राग आहे पण इलाज नाही, अशी अवस्था. मैदानावरून पंचाच्या चुकीच्या निर्णयामुळे बाद होऊन परतणारा मुलगा चडफडतो. लाजेकडे वळले की पायऱ्या आणखी बारीक होतात. स्तुती ऐकूनही माणूस लाजतो, त्यात वाईट काही नाही. काही मागण्यापूर्वी किंवा अनोळखी घरात पाऊल टाकण्यापूर्वी तो संकोचतो. आपला लहानसा डाव उघडा पडला की तो ओशाळतो. ताठ्यात उभा असताना समोरच्याच्या एका वाक्याने किंवा नजरेने ताठा उतरला, तर तो वरमतो. शरमणे या सर्वांहून जड आहे, कारण त्यात आपण वागलो ते गैर होते ही कबुली असते. असे सख्खे-चुलत शब्द एका पानावर एकत्र लिहावेत, परंतु एकाच दिवशी पाठ करू नयेत. जवळच्या अर्थाचे शब्द एकदम शिकले की त्यांची सरमिसळ होते. आज एक, त्याची ओळख पक्की झाल्यावर दुसरा, असा क्रम ठेवावा.

नामांपैकी वाड्यांचे आणि गावाकडचे शब्द जुन्या कथांत हमखास येतात: माजघर, पडवी, ओसरी, फडताळ, उखळ. यांसाठी व्याख्या लिहीत बसण्यापेक्षा वस्तू पाहावी. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी यांचा मोठा संग्रह आहे, आणि विश्रामबागवाड्यात फिरले की 'चौक' या शब्दाचा रस्त्यांशी संबंध नसलेला अर्थ पायाखालीच सापडतो.

कोश कसा पाहावा

मराठी कोश पाहताना नवखा वाचक बहुधा पहिल्याच पायरीवर अडखळतो, कारण कथेत दिसलेले रूप कोशात नसते. 'घोड्यावरून' शोधून काही मिळत नाही; आधी 'वरून' वेगळे काढायचे, मग 'घोड्या' या सामान्यरूपावरून 'घोडा' हा मूळ शब्द ओळखायचा. क्रियापदाला 'णे' लावून पाहावे: दटावलं, म्हणून दटावणे. 'गेला' वरून 'जाणे' किंवा 'म्हटलं' वरून 'म्हणणे' अशी वाकडी रूपे थोडीच आहेत आणि ती ऐकून ऐकून माहीत झालेली असतात. कथांतील 'केलं', 'पाहिलं', 'झालं' ही रूपे बोलण्याप्रमाणे लिहिलेली असतात. पुस्तकी लेखनातील 'केले', 'पाहिले', 'झाले' हीच ती.

दोन मोठे कोश संगणकावर विनामूल्य शोधता येतात. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली, आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', ज्याचे सात खंड 1932 ते 1938 या काळात पुण्यातूनच प्रसिद्ध झाले, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक मराठी कोशांत एकदम शोध घेता येतो. मात्र हे जुने कोश आजच्या लेखननियमांच्या आधीचे असल्यामुळे त्यांत क्रियापदे 'करणें', 'घुटमळणें' अशी अनुस्वारासह लिहिलेली आहेत. पूर्ण शब्द टंकून काही सापडले नाही तर 'घुटमळ' एवढाच भाग शोधावा. ऱ्हस्व-दीर्घामुळेही शोध चुकतो. 'चुळबूळ' लिहिताना 'बू' दीर्घ, परंतु 'चुळबुळीमुळे' लिहिताना तो ऱ्हस्व होतो, आणि कोशात पहिलेच रूप असते. आजकालच्या मुलांच्या तोंडचे 'पकवणे' किंवा 'खुन्नस देणे' यांचे आजचे अर्थ या कोशांत शोधण्यात वेळ घालवू नये. त्यासाठी शेजारचा नववीतला मुलगा हा अधिक विश्वासार्ह कोश आहे.

कोशात अर्थ सापडल्यावर पुन्हा कथेकडे येऊन, सापडलेल्या पाच अर्थांपैकी या वाक्यात कोणता बसतो ते ठरवावे. ही पायरी गाळणारे वाचक चुकीचा अर्थ पक्का करून बसतात.

नोंद आणि उजळणी

नोंदीसाठी पाठकोऱ्या कागदांचे पत्त्यांएवढे तुकडे वापरावेत; वहीत क्रम ठरलेला असतो आणि आपल्याला तो सतत बदलावा लागणार आहे. एका बाजूला कथेतील वाक्य शब्दाची जागा रिकामी ठेवून लिहावे. दुसऱ्या बाजूला शब्द लिहून, तो नाम असेल तर 'तो, ती, ते' यांपैकी काय ते लिहावे, कारण लिंग माहीत नसलेले मराठी नाम वापरताच येत नाही: ती हुरहूर, तो हिरमोड, ते कुतूहल. हिरमोड 'होतो', अबोला 'धरतात', हट्ट 'करतात' किंवा 'धरतात', नाक 'मुरडतात'. हे जोडीदार क्रियापदही लिहावे. त्याखाली, हा शब्द कथेत कोण कोणाविषयी वापरतो ते एका ओळीत नोंदवावे. सर्वांत शेवटी स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य लिहावे आणि ते खरे असावे. 'राम वरमला' असे वाक्य काही उपयोगाचे नाही. 'पीएमपीच्या बसमध्ये ज्येष्ठांच्या जागेवर बसलेला मुलगा आजींनी नुसते पाहताच वरमला आणि उठला' हे वाक्य लक्षात राहते.

इंग्रजी प्रतिशब्द लिहावा की नाही, यावर मते वेगळी आहेत. वस्तूच्या नावापुढे तो लिहायला हरकत नाही. भावनेच्या शब्दापुढे लिहू नये, अन्यथा चार वेगळ्या मराठी शब्दांपुढे एकच इंग्रजी शब्द दिसू लागतो आणि चारही शब्द एकच होऊन जातात.

उजळणीचे अंतर वाढवत न्यावे: दुसऱ्या दिवशी, नंतर तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरले जाते, हे हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात चार कप्पे केले की व्यवस्था पूर्ण होते. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, न आठवल्यास पुन्हा पहिल्या. चिठ्ठीची उत्तराची बाजू आधी पाहू नये. आठवण्याचा प्रयत्न हाच इथे व्यायाम आहे. उत्तर नुसते वाचत राहिले तर शब्द ओळखीचा वाटतो, पण तोंडात येत नाही.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे. छापील पानावरून शिकलेल्या शब्दात च, ज आणि झ ही अक्षरे फसवतात. 'चुळबूळ' आणि 'चाचपडणे' यांतील 'च' हा 'चोर' या शब्दातील आहे, 'चहा'तील नव्हे. घरात मोठे माणूस असेल तर निवडलेले सहा शब्द त्याच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावेत.

आठवड्याच्या शेवटी कथा कोणाला तरी सांगावी. आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. वेळ कमी होत गेला की शब्द शोधत थांबायला सवड मिळत नाही आणि निवडलेले शब्द जिभेवर यावेच लागतात. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करावी, कारण ते मध्येच थांबवून 'ओशाळला नाही, वरमला म्हण' असे सुधारतात, आणि तशी सुधारणा कोणताही कोश करत नाही. मित्रांच्या कट्ट्यावर 'तो चडफडला' असे म्हटल्यास प्रथम हसू होईल हे गृहीत धरावे. दोन आठवड्यांनी तोच शब्द त्यांच्यापैकी कोणी तरी चिडवण्यासाठी वापरेल. त्या दिवशी ती चिठ्ठी खोक्यातून काढून टाकायला हरकत नाही.